खोबणीतला दोष: न उतरणारं फेरिटीन आणि एका घरातले लवकरचे मोतीबिंदू

संध्याकाळी बेळगावच्या मार्केट यार्डात भाजी भरायची आणि जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट करत पहाटेच्या आत गोव्यात उतरवायची, हा त्याचा वीस वर्षांचा धंदा. वय ४१. गाव खानापूर तालुक्यातलं, घरची थोडी भातशेती. माझ्या ओपीडीचा एक मजल्याचा जिना चढून आला तेव्हा तो दाराशीच थांबून धापा टाकत होता. ओठ, नखं, पापणीची आतली बाजू, सगळं पांढरं पडलेलं. बरोबर आई होती. खुर्चीत टेकायच्या आधीच ती म्हणाली, “पोराचं रगात काढून काढून पांढरंफटक केल्यात बगा, डॉक्टर. आमच्या घरात डोळं जातंय, रगात न्हाई.”

हे वाक्य मी केसपेपरवर जसंच्या तसं लिहून घेतलं. पुढे जे निदान झालं ते त्या वाक्यात निम्मं होतं. कुटुंबाच्या परवानगीने हे प्रकरण लिहिते आहे; गावाचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

साडीच्या दुकानाच्या पिशवीत रिपोर्टांचा गठ्ठा होता. तारखेप्रमाणे लावून ते टेबलावर पसरले. आठ महिन्यांपूर्वी थकवा वाटतो म्हणून त्याने तपासण्यांचं एक पॅकेज करून घेतलं होतं. त्यात फेरिटीन, म्हणजे लोह साठवणारं प्रथिन, मिलिलिटरमागे १,४८० नॅनोग्रॅम आलं. पुरुषांत ३०० च्या आसपासपर्यंत चालतं. एका खासगी रुग्णालयात सांगितलं गेलं, की शरीरात लोह साठलंय, यकृत आणि हृदय खराब होईल, रक्त काढत राहावं लागेल. साडेसहा महिन्यांत नऊ वेळा रक्त काढलं. हिमोग्लोबिन १४.१ वरून ८.६ वर आलं. फेरिटीन १,४८० वरून १,३९० वर, म्हणजे जवळपास जागेवरच. शेवटच्या कागदावर शेरा होता: फेरिटीन उतरत नाही, रक्त काढणं चालू ठेवावं.

इथे साधा हिशेब करून पाहायला हवा होता. रक्ताच्या एका पिशवीबरोबर सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जातं. निरोगी पुरुषाच्या साठ्यात लोह असतं साधारण १ ग्रॅमच्या घरात. म्हणजे चार-पाच पिशव्यांत साठा तळाला जातो. ज्याच्या शरीरात खरोखर लोह साचलंय, त्याचं हिमोग्लोबिन पिशवीमागून पिशवी काढली तरी फारसं घसरत नाही, कारण अस्थिमज्जेला रक्त भरून काढायला साठ्यातून लोह मिळतच राहतं. याचं हिमोग्लोबिन तिसऱ्या पिशवीनंतरच उतरायला लागलं होतं. साठा नव्हताच, आणि त्याचं शरीर ते प्रत्येक पिशवीला सांगत होतं.

दुसरी गोष्ट पहिल्याच रिपोर्टाच्या दुसऱ्या पानावर होती: ट्रान्सफरिन सॅच्युरेशन २६ टक्के. ट्रान्सफरिन म्हणजे रक्तातून लोह वाहून नेणारं प्रथिन. ते लोहाने कितपत भरलंय हे या आकड्यावरून कळतं. लोह साचण्याच्या आनुवंशिक आजारात तो ४५ च्या वर जातो. इथे तो अगदी नेहमीसारखा होता. यकृताची एन्झाइम्स नॉर्मल, सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी तपासणी) नॉर्मल, मधुमेह नाही, दारू नाही. त्या पानाकडे कुणी पाहिलं असतं, तर पहिली सुई लागायच्या आधीच सगळं थांबलं असतं. मी पुन्हा तपासलं तेव्हा सॅच्युरेशन ७ टक्क्यांवर आलं होतं. लोहाची तीव्र कमतरता, आणि त्याच नमुन्यात फेरिटीन १,३९०. यकृताचा एमआरआय केला, त्यात लोहाचा मागमूस नाही.

मग आईच्या वाक्याकडे वळले. डोळ्यांचं काय?

त्याच्या दोन्ही डोळ्यांत कृत्रिम भिंग होतं. मोतीबिंदूचं पहिलं ऑपरेशन २७ व्या वर्षी, दुसरं २९ व्या. आईचं ३४ व्या वर्षी. आजीला ऑपरेशन मिळालंच नाही, चाळिशीत ती भिंत धरून चालायची. चुलीच्या धुरानं डोळं गेलं, असं गावात सगळे म्हणायचे. ऑपरेशनआधी नेमका कसला त्रास व्हायचा, असं त्याला विचारलं. तो म्हणाला, “नजर कमी न्हवती हो. दिवसा सगळं दिसायचं. पर घाटात वळणावर समोरनं ट्रकचा लाइट आला की काचेवर पीठ उडल्यागत व्हायचं. गाडी बाजूला घेऊन उभा राहायचो.”

काचेवर उडालेलं पीठ. भिंगात बारीक कणांसारखे ठिपके सगळीकडे विखुरलेले असतात आणि त्यांवर प्रकाश फाकतो, त्याचं यापेक्षा नेमकं वर्णन मला पुस्तकातही सापडलेलं नाही. फेरिटीन भरमसाठ, लोह नेमस्त, मोतीबिंदू तरुणपणी, आणि हे पिढ्यान्‌पिढ्या सरळ उतरत आलेलं. या चार गोष्टी एकत्र आल्या की एकच विकार डोळ्यासमोर येतो: आनुवंशिक अतिफेरिटीन-मोतीबिंदू विकार. १९९५ साली इटली आणि फ्रान्समधल्या डॉक्टरांनी अशी कुटुंबं प्रथम नोंदवली. विकार विरळा आहे, पण ओळखू न आल्याने होणारी हानी अगदी याच वळणाने जाते: रक्त काढणं आणि त्यातून पंडुरोग.

आता मुळाकडे जाते, कारण या प्रकरणातलं सगळं मुळात आहे.

फेरिटीन ही पेशीतली लोहाची कोठी. २४ घटक एकमेकांत बसून पोकळ गोळा होतो आणि त्यात सुमारे ४,५०० लोह अणू मावतात. घटक दोन जातींचे: एच आणि एल. मोकळं लोह पेशीला घातक असतं. त्यातून तयार होणारी मुक्त मूलकं (फ्री रॅडिकल्स) मेदाला, प्रथिनांना, डीएनएला जाळतात. त्यामुळे लोह आलं की कोठी लगेच हवी. लोह नसताना मात्र कोठी बांधून ठेवणं परवडत नाही, कारण ती कामाचं लोहही कोंडून ठेवेल.

इथे पेशीने जी सोय केली आहे तिच्याविषयी मला विद्यार्थिदशेपासून प्रेम आहे. लोह आल्यावर जनुक वाचायचं, त्याची एमआरएनए प्रत काढायची, ती केंद्रकाबाहेर आणायची आणि मग प्रथिन, असं करत बसलं तर फार उशीर होतो. म्हणून प्रती आधीच काढून बाहेर ठेवलेल्या असतात. पेशीद्रवात त्या निवांत पडून असतात, फक्त त्यांच्यावर काम सुरू होऊ दिलेलं नसतं. हॅमिश मन्रो आणि त्यांचे सहकारी उंदरांच्या यकृतावर काम करत होते. नवीन आरएनए बनणं औषधाने बंद केलं तरी लोह दिल्यावर फेरिटीन वाढतंच, असं त्यांना दिसलं होतं. १९७६ साली त्यांनी मांडणी केली, की निजलेल्या प्रती लोह येताच रायबोझोमवर, म्हणजे प्रथिन विणणाऱ्या यंत्रावर, चढतात. म्हणजे नियंत्रण प्रती काढण्यावर नाही. प्रतीवरचं काम सुरू होण्यावर आहे.

हे सुरू होणं म्हणजे नेमकं काय? एमआरएनएच्या सुरुवातीच्या टोकाला एक रासायनिक टोपी असते. त्या टोपीला ईआयएफ-४ई नावाचं प्रथिन धरतं, त्याच्याबरोबर ४जी आणि ४ए येतात. दुसरीकडे रायबोझोमचा लहान भाग तयारीत असतो. ईआयएफ-२ ने आणून दिलेला, मिथिओनिन (प्रथिनाच्या साखळीतला पहिला दुवा) वाहणारा पहिला टीआरएनए त्याच्या अंगावर असतो. टोपीवरची मंडळी या लहान भागाला ओढून घेतात, मग तो एकेक अक्षर चाचपत पुढे सरकतो आणि एयूजी ही तीन अक्षरं सापडली की थांबतो. बहुतेक वेळा पहिलंच एयूजी, आणि तेही आजूबाजूची अक्षरं अनुकूल असतील तर. ही चाचपत सरकण्याची कल्पना मॅरिलिन कोझॅक यांनी १९७८ मध्ये मांडली. एयूजी सापडलं की मोठा भाग वरून बसतो आणि प्रथिनाची साखळी विणायला सुरुवात होते. एकदा विणकाम लागलं की ते भराभर चालतं. वेळ लागतो तो सुरुवातीला, म्हणून लगामही तिथेच.

फेरिटीनच्या प्रतीवर हा लगाम कसा आहे? टोपीपासून जवळच, प्रथिनाची कृती सुरू होण्याच्या बऱ्याच आधी, सुमारे ३० अक्षरांचा एक तुकडा स्वतःवरच दुमडून केसातल्या आकड्यासारखा उभा राहतो. त्याच्या शेंड्यावर सहा अक्षरांचं वळण आणि देठात एका बाजूला बाहेर आलेलं एक सी अक्षर. याला लोह-प्रतिसादी घटक म्हणतात. १९८७ मध्ये मथियास हेंत्से आणि सहकाऱ्यांनी तो फेरिटीनच्या प्रतीवर दाखवून दिला. लोह कमी असलं की आयआरपी नावाची दोन प्रथिनं या आकड्याला येऊन घट्ट धरतात. टोपीवर ईआयएफची मंडळी जमलेली असली तरी रायबोझोमच्या लहान भागाला मग आत यायला जागा उरत नाही, हे १९९८ मध्ये प्रयोगाने सिद्ध झालं. लोह मुबलक झालं की पहिल्या आयआरपीच्या पोटात लोह-गंधकाचा पुंजका बसतो, त्याचा आकार बदलतो आणि तो आकडा सोडतो. तेव्हा तो अकोनिटेज नावाचं अगदी वेगळंच एन्झाइम म्हणून काम करायला लागतो. दुसरा आयआरपी तर मोडूनच टाकला जातो. वाट मोकळी होते, फेरिटीन बनतं.

त्या घरातल्या आईला हे समजवायचं होतं. तिला इंग्रजी येत नाही, कन्नड कामापुरती येते, आणि रिपोर्ट सगळे इंग्रजीत. आमच्या भागात हे रोजचंच आहे: घरात मराठी, सरकारी कागद कन्नडात, आजाराचा कागद इंग्रजीत. मला आठवला तो खानापूर भागातल्या जुन्या घरांचा दरवाजा. आतून आडवा लाकडी अडसर, त्याची दोन्ही टोकं भिंतीतल्या खोबणीत. मी म्हणाले, “आई, अडसर म्हणजे आयआरपी. लोह नसलं की अडसर लावायचा, लोह आलं की काढायचा. तुमच्या घराण्यात अडसर चांगला आहे. भिंतीतली खोबण फुटलीय. अडसर टेकतो, पण बसत नाही. दार कायम उघडं.”

ती लगेच म्हणाली, “म्हंजे माणसं येतच ऱ्हातात, बोलावलं न बोलावलं.”

हो, तसंच. आणि हा दृष्टांत मी जितका ताणून पाहिला तितका तो टिकला. अडसर दाराशीच हवा, माजघरात लावून उपयोग नाही. प्रयोगात हा आकडा टोपीपासून दूर, आतल्या बाजूला सरकवला तर त्याची अडवणूक ढिली पडते. चाल पकडलेली यंत्रणा त्याला उलगडून पुढे जाऊ शकते.

खोबण फुटली आहे हे मात्र सिद्ध करायचं होतं, आणि इथे माझीही चूक झाली. मी आधी एक्झोम तपासणी पाठवली. दीड महिन्याने रिपोर्ट आला: कुठलाही रोगकारक बदल नाही. कुटुंबाने बचतीतून पैसे भरले होते. त्या रिपोर्टाकडे बघत मी बराच वेळ बसून राहिले. मग लक्षात आलं, एक्झोम तपासणी मुख्यतः प्रथिनाची कृती लिहिलेला भाग वाचते. या घरात कृतीत दोष नाहीच. त्यांचं एल-फेरिटीन अक्षरन्‌अक्षर तुमच्या-माझ्यासारखं आहे. दोष आहे तो कृतीच्या आधीच्या, न भाषांतरित होणाऱ्या भागात, जो त्या तपासणीने वाचलाच नव्हता. ज्या पानावर चूक नाही ते पान तपासून आपण चूक नाही असा निर्वाळा घेतला होता. मग १९ व्या गुणसूत्रावरच्या एफटीएल जनुकाचा फक्त तो सुरुवातीचा तुकडा जुन्या सँगर पद्धतीने वाचायला सांगितला. ही तपासणी एक्झोमपेक्षा कितीतरी स्वस्त. उत्तर आलं: ४० व्या जागी ए च्या ठिकाणी जी, आई-वडिलांकडून आलेल्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीत. शेंड्यावरच्या सहा अक्षरांच्या वळणातलं दुसरं अक्षर. आयआरपी नेमकं तिथेच बोट ठेवतं. वळणातला किंवा बाहेर आलेल्या सी अक्षराजवळचा बदल साधारणपणे जास्त फेरिटीन देतो, देठाच्या खालच्या भागातला सौम्य असतो. याचे आकडे त्याला धरूनच होते.

ही जनुकचाचणी कुणाला सांगायची असेल तर प्रयोगशाळेला फोन करून विचारा, की एफटीएलचा कृतीआधीचा भाग वाचणार ना? एवढा एक प्रश्न मी विचारला असता तर दीड महिना आणि बरेच पैसे वाचले असते.

आता त्याचे प्रश्न. तो हुशार आहे, हिशेबी आहे, आणि त्याने चार प्रश्न विचारले. प्रत्येकाचं उत्तर त्या उघड्या दारापाशीच जातं.

दोनपैकी एकच प्रत बिघडलीय, मग दुसरी सांभाळून का घेत नाही? कारण चांगल्या प्रतीला अडसर लागला तरी बिघडलेल्या प्रतीवरून एल-फेरिटीन बनतच राहतं. बंद दार उघड्या दाराची भरपाई करू शकत नाही. म्हणून हा विकार पालकांपैकी एकाकडूनही उतरतो, आणि प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता निम्मी.

इतकं फेरिटीन असून लोह का साचलं नाही? आयआरपी चांगले आहेत, आणि ते ज्या बाकीच्या प्रतींवर बसतात त्यांच्या खोबणीही चांगल्या आहेत. लोह आत घेणाऱ्या ट्रान्सफरिन ग्राहकाच्या प्रतीवर असे पाच आकडे शेपटाकडे आहेत. तिथे आयआरपी बसला की प्रत अडत नाही, उलट जपली जाते, जास्त टिकते. एकच अडसर एका दारी अडवतो, दुसऱ्या दारी सांभाळतो. हे सगळं या घरात ठीक चालतं, त्यामुळे आत किती लोह घ्यायचं हा हिशेब बिघडत नाही. आणि जास्तीचं फेरिटीन जवळपास सगळं एल जातीचं. लोह पकडून साठवण्याजोगं करायचं काम एच घटक करतो. नुसत्या एलच्या कोठ्या बऱ्याच अंशी रिकाम्याच राहतात. रक्ताच्या तपासणीत कोठ्या मोजल्या गेल्या, माल नाही.

इतकं रक्त काढलं तरी फेरिटीन का उतरलं नाही? निरोगी माणसात लोह घटलं की अडसर लागतात आणि फेरिटीन पडतं. याच्या चांगल्या प्रतीवर ते झालंही असेल, तो नव्वदचा फरक कदाचित त्यातलाच. बिघडलेल्या प्रतीला लोहाची खबरच पोचत नाही. आणखी वीस पिशव्या काढल्या असत्या तरी ती तशीच चालत राहिली असती. “म्हंजे जीव गेला असता, पर आकडा गेला नसता,” तो म्हणाला. मला त्यावर बोलवेना.

आणि डोळेच का? भिंगात रक्तवाहिन्या नाहीत, आणि तिथल्या तंतूंतलं प्रथिन बदलत नाही. जन्मापासूनचं तिथेच, थरावर थर. इतर अवयवांत जास्तीचं फेरिटीन मोडून निघून जातं, त्यांना काही होत नाही. भिंगात ते साचतं, त्याचे बारीक स्फटिकासारखे कण होतात आणि प्रकाश विखुरतात. म्हणून यकृत, हृदय, सांधे ठणठणीत, आणि समोरच्या ट्रकच्या लाइटात काचेवर पीठ.

त्याला जो पंडुरोग झाला त्यातही हीच गोष्ट चालू होती, हे मला त्याला सांगितल्याशिवाय राहवलं नाही. लोह संपलं की हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोह धरणारा भाग, बनत नाही. तरुण रक्तपेशीत एचआरआय नावाचं एन्झाइम असतं, हीम कमी झालं की ते जागं होतं आणि ईआयएफ-२ ला फॉस्फेटची खूण लावतं. त्याबरोबर त्या पेशीतली प्रथिनांची सुरुवातच मंदावते, हीमशिवायचं ग्लोबिन (हिमोग्लोबिनमधलं प्रथिन) साचून पेशी बिघडू नये म्हणून. हीम बनवणाऱ्या पहिल्या एन्झाइमच्या प्रतीवरही लोहाचा तोच आकडा आहे, तिथे अडसर लागतो. फेरिटीनचं दार एका प्रतीपुरतं, एचआरआयचा हुकूम पेशीभर. त्याच्या मज्जेत दोन्ही व्यवस्था चोख काम करत होत्या आणि म्हणूनच त्याच्या रक्तपेशी लहान, फिक्या, थोड्या निघत होत्या. आजार त्याच्या शरीराने केलेला नव्हता, उपचाराने केला होता.

उपचार सोपा होता. रक्त काढणं बंद, लोहाची गोळी दिवसाआड. गोळी हातात घेताना तो घाबरला. आठ महिने त्याला लोह म्हणजे विष असं सांगितलेलं, घरात पालेभाजीसुद्धा बंद होती, लोखंडी तवा माळ्यावर टाकलेला. सॅच्युरेशन आणि हिमोग्लोबिन दर महिन्याला तपासू, असं ठरवून त्याने गोळी सुरू केली. चार महिन्यांत हिमोग्लोबिन १३.४, सॅच्युरेशन २४. फेरिटीन १,५१०. तो आकडा बघून त्याचा चेहरा उतरला. मी कागदावर त्या आकड्यावर रेघ मारली आणि म्हणाले, “हा आता कुणालाच दाखवायचा नाही, मलाही नाही.” गोळी बंद केली. तो चोर्ल्याच्या फेऱ्या पुन्हा करायला लागला.

मला खरी काळजी होती ती त्याच्या मुलीची. वय १२, गावच्या मराठी शाळेत सहावीत. शाळेत आठवड्याला लोह-फॉलिक ॲसिडची निळी गोळी मिळते, ती घरच्यांनी वर्गशिक्षिकेला चिठ्ठी देऊन बंद करवली होती, घरात लोहाचा आजार आहे म्हणून. मुलगी शांत, वाळकी, उन्हातून आली की डोळे बारीक करणारी. फळ्यावर खिडकीचा उजेड पडला की अक्षरं पुसट होतात म्हणाली. नेत्रतज्ज्ञांनी स्लिट लॅम्पखाली पाहिलं, दोन्ही भिंगांत बारीक पांढरे ठिपके, दृष्टी अजून चांगली. फेरिटीन १,१२०. जनुकचाचणी करावी का, यावर मी थांबले. लहान मुलीच्या नावावर आयुष्यभराचा कागद कशासाठी, जेव्हा फेरिटीन आणि भिंगच उत्तर देत आहेत? आई-वडिलांनाही तेच पटलं.

तिचं हिमोग्लोबिन १०.३ होतं आणि सॅच्युरेशन ८. वाढीचं वय, पाळी नुकतीच सुरू झालेली, ताटात भात जास्त आणि गोळी बंद. साधी लोहाची कमतरता. पण तिच्यात ती फेरिटीनवरून कधीच कळणार नाही. एरवी लोह कमी आहे का हे पाहायला आपण सगळे फेरिटीनच मागवतो, आणि तिथे तो आकडा हजारावर ओरडत राहील. या विकाराचं सर्वांत मोठं नुकसान मला इथे दिसतं. मोतीबिंदू ऑपरेशनने जातो. फेरिटीन बघून लोह नाकारलेली मुलगी मात्र थकलेलीच मोठी होते, आणि पुढे थकलेलीच बाळंत होते.

तिला तीन महिने रोजची गोळी दिली, नंतर शाळेतली निळी गोळी पुन्हा सुरू. हिमोग्लोबिन १२.१. वर्गात तिला खिडकीकडे पाठ होईल अशा बाकावर बसवावं म्हणून शिक्षिकेला मी चिठ्ठी दिली, आणि त्या बाईंनी दुसऱ्याच दिवशी तिला हलवलं. भिंगाचं ऑपरेशन आत्ता नाही, वर्षातून एकदा तपासणी. किती वर्षांनी लागेल हे एकाच घरातही सारखं नसतं.

एक शब्द नातेवाइकांविषयी. इथली घरं सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेली असतात: लेक चंदगडात दिलेली, मामा गडहिंग्लजला, आत्या निपाणीत. त्यामुळे एका घराण्याची तपासणी करायची तर दोन राज्यांतले दवाखाने, दोन भाषांतले कागद. मी एक छोटं कार्ड तयार केलं, मराठी, कन्नड आणि इंग्रजी, तिन्ही. त्यात चारच ओळी: या व्यक्तीला आनुवंशिक अतिफेरिटीन-मोतीबिंदू विकार आहे. फेरिटीन जास्त असणं म्हणजे लोह जास्त असणं नव्हे. लोहाचा अंदाज ट्रान्सफरिन सॅच्युरेशन आणि हिमोग्लोबिनवरून घ्यावा. केवळ फेरिटीनवरून रक्त काढू नये आणि लोहाच्या गोळ्या थांबवू नयेत. आईने मागितली तेवढी, म्हणजे अकरा कार्डं दिली. ती प्रत्येक घरी स्वतः गेली. ज्यांना तरुणपणी चष्म्याने न सुधारणारा झगमगाट सुरू झालाय त्यांना तिने सांगितलं, आधी फेरिटीन आणि भिंग तपासा. त्यांच्यातले तीन जण आत्तापर्यंत निघाले.

तिसरी त्याची धाकटी बहीण, चंदगड तालुक्यात दिलेली. ३३ वर्षांची, पाचवा महिना. तिथे फेरिटीन १,२५० बघून गरोदरपणातल्या लोहाच्या गोळ्या थांबवल्या होत्या. आई कार्ड घेऊन एसटीने गेली. तिथल्या डॉक्टरांनी मला फोन केला, त्यांनी सॅच्युरेशन करून घेतलं होतं, ९ टक्के. गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या. बाळाचं विचारलं तेव्हा मी सांगितलं, जन्मतःच भिंग गढूळ असणं या विकारात नेहमीचं नाही, पण डोळे बघून घ्या, आणि नाळेच्या रक्तातलं फेरिटीन जास्त आलं तर बाळाला लोह साचलंय असं कुणी म्हणू नये.

गेल्या आठवड्यात आई एकटीच येऊन गेली. तिचं स्वतःचं फेरिटीन १,६०० च्या वर आहे आणि तब्येत उत्तम. तिला एवढंच विचारायचं होतं, “आमच्या आयचं डोळं चुलीनं गेलं न्हवं की काय?” बहुतेक नाही, मी म्हणाले, तुमच्याकडे आलं ते तिच्याकडूनच आलं असणार. ती थोडा वेळ बसली. मग पदर सावरून उठली आणि म्हणाली, लेकीचे दिवस चैत्रात भरतात, आणखी दोन कार्डं द्या.